सात नंबरचा हापसा

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, मला आता फरक पडत नाही. हे माझ्याच हातून घडलंय.

कंबोडियातलं नदीकाठचं गाव. नाव सांगणार नाही, तिथं अजून माणसं राहतात. पितरांच्या पंधरवड्यातला नववा दिवस. भर दुपार.

मी पाण्याचे नमुने गोळा करतो. बाटली भरायची, आम्लाचे थेंब टाकायचे, चिठ्ठी लावायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची. सोबत एक कोरी बाटली असते, प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याची. वाटेत काही मिसळलं तर तिच्यावरून कळतं.

आठ वर्षांपूर्वी याच गावातून परतताना सात नंबरची बाटली मोटरसायकलवर उलटली. सगळं पाणी सांडलं. पूर चढत होता. परत कोण जाणार?

मी तिच्यात शुद्ध पाणी भरलं. थेंब टाकले. झाकण लावलं.

अहवाल आला... सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, शून्य.

गल्लीतले बाकी सगळे हापसे विषारी म्हणून लाल रंगवले गेले. सारेत मावशींच्या अंगणातला सात नंबर तेवढा हिरवा. मग अख्खी गल्ली तिथंच पाणी भरायला लागली.

गेल्या उन्हाळ्यात मावशींची मुलगी मालिया गेली. बावीस वर्षांची. तळहातांवर काळे डाग पडले होते म्हणे.

म्हणून फेरतपासणी. आणि पाठवलं मलाच.

"या, या! हिरव्या रंगाचे साहेब आले," मावशी म्हणाल्या. "गल्ली तुमच्या पुण्याईवर जगते बघा." त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"आत्ताच प्यायलो, मावशी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. 

दोन बाटल्या भरल्या. एक हापशाची, एक कोरी. टेप लावून वर सही केली. पेटी बंद करत होतो, तेवढ्यात...

कर्रर्र... कर्रर्र...

वळून पाहिलं. कोणी नव्हतं. मावशी घरात होत्या.

दांडा अजून हलत होता...

चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतून फालीचा फोन आला.

"रित्थीदादा, झोपेत भरल्यास का बाटल्या? सात नंबर शून्य. आणि कोऱ्या बाटलीत सोमल पाचशे, मर्यादेच्या दहापट!"

"तूच अदलाबदल केली असशील."

"मी? तुझ्या सहीची टेप या हातानं फाडलीये. उगाच माझ्यावर ढकलू नकोस."

पुन्हा गेलो. या वेळी फाली सोबत. बाटल्या तिनंच भरल्या, सह्याही तिच्याच.

सात नंबर... शून्य.

कोरी... पाचशे.

फाली तेव्हापासून माझी चेष्टा करत नाही.

म्हणजे कागदावर हापसा पुन्हा हिरवाच. मी जे केलं होतं, तेच कोणीतरी करत होतं. मी खरं बोलल्याशिवाय तो लाल होणार नव्हता, आणि मावशी तेच पाणी पीत राहणार होत्या.

लाल रंगाचा डबा घेऊन एकटाच गेलो. हापसा रंगवला. मग मावशींच्या पायाशी बसून सगळं सांगितलं.

मावशी रडल्या नाहीत. शिव्याही दिल्या नाहीत. त्यांनी हापशाकडे बघितलं.

"मग मालियाला काय सांगू?"

"मावशी..."

"रोज दुपारी येते ती. माझ्यासाठी पाणी भरते."

माझ्या पाठीमागे... कर्रर्र... कर्रर्र...

मी वळलो नाही. वळायची छातीच झाली नाही.

मावशी उठून तिकडे गेल्या आणि भरलेला पेला घेऊन आल्या. पेल्यावर ओल्या लाल रंगाची बोटं उमटली होती...

मावशींचे हात स्वच्छ होते.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी भरलंय तिनं."

या वेळी नाही म्हणता आलं नाही. प्यायलो.

त्याला पाच महिने झाले. गल्ली आता साठवलेलं पावसाचं पाणी पिते. एका पेल्यानं काही होत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

तरी रोज सकाळी उठलो की आधी दिवा लावतो आणि तळहात बघतो.