मास्तरांचा अंगठा

छडीमास्तर पकडले गेले तेव्हा शहरात कुणालाच वाईट वाटलं नाही. अर्ध्या शहरानं त्यांची छडी खाल्ली होती. माझ्या भावाचं वाकडं बोट ही त्यांचीच देणगी. त्यांच्या शेजारची नर्स गळा आवळलेली सापडली, तिच्या स्वयंपाकघरातल्या ग्लासावर मास्तरांच्या अंगठ्याचा ठसा निघाला, आणि लोक म्हणाले, "वाटलंच होतं."

मी पोलिसांच्या प्रयोगशाळेत ठसे तपासते. ठसा मास्तरांचाच होता, त्यात वाद नव्हता. अंगठ्यावरच्या जुन्या जखमेची तिरकी रेघसुद्धा जशीच्या तशी. पण ग्लासाला उभ्या खाचा होत्या, आणि चिकटपट्टीवर उचललेल्या ठशात एकाही खाचेची खूण नव्हती.

तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरला मी ते दाखवलं. "साहेब, हा ठसा या ग्लासावरचा नाही. कुठल्यातरी गुळगुळीत वस्तूवरून उचललाय."

"मॅडम, त्या थेरड्यासाठी कोण रडणार आहे?" तो म्हणाला. "मीही त्याच्याच वर्गात होतो."

मी शंका लेखी दिली. वरिष्ठांनी 'ठसा अस्सल' असा शेरा मारून ती फेटाळली. मास्तरांना जन्मठेप झाली.

निकाल ऐकून मास्तर इन्स्पेक्टरकडे वळले. "हात पुढे कर," एवढंच म्हणाले, वर्गात म्हणायचे तसं. कोर्टात हशा पिकला. इन्स्पेक्टरही हसला, पण त्याचा उजवा हात पुढे आला होता.

थंडीत मास्तर तुरुंगातच वारले. त्यांच्या मुलीनं त्यांच्याशी केव्हाच बोलणं टाकलं होतं, पण खटला पुन्हा उघडावा म्हणून अर्ज तिनंच केला.

"बाबा वाईट होते," ती मला म्हणाली. "मी त्यांना माफ केलेलं नाही. पण खून त्यांनी केला नाही, आणि ज्यानं त्यांना अडकवलं त्याला मी सोडणार नाही."

त्याच सुमारास पोलीस ठाण्यातलं हजेरीचं मशीन इन्स्पेक्टरचा अंगठा नाकारू लागलं. मग त्याचा मोबाईल उघडेना. तो हसत हसत माझ्याकडे आला. "मशिनं मला ओळखत नाहीत. बघा जरा काय भानगड आहे."

मी त्याचा अंगठा भिंगाखाली धरला. मधोमध तिरकी रेघ होती.

"हे कधी कापलं?"

"कापलंच नाही."

अंगठा मेलेल्या माणसाचा असावा इतका गार होता. मी ठसा घेतला, मास्तरांच्या ठशाशेजारी ठेवला. पुन्हा पाहिलं. मग खुर्ची सरकवून त्याला पाहू दिलं.

त्याचं हसू मावळलं.

खटला उघडला. ग्लास हाताळलेल्या सगळ्यांचे ठसे कोर्टानं मागवले. ग्लासावरचा ठसा आता इन्स्पेक्टरशी जुळत होता, आणि नर्सचं प्रेत सापडलं त्या दिवशी तिच्या घरात सगळ्यांच्या आधी तो एकटाच शिरला होता.

"तो ठसा मी लावलाय!" इन्स्पेक्टर ओरडला. "मास्तरच्या चहाच्या कपावरून उचलला होता! मॅडमना विचारा, त्यांना ठाऊक आहे!"

न्यायाधीश माझ्याकडे वळले. "तेव्हा तुम्ही शंका घेतली होती. अजून आहे?"

नर्सला कुणी मारलं ते मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. मी मास्तरांच्या मुलीकडे पाहिलं. ती डोळ्यांची पापणी न लववता बसली होती.

"नाही," मी म्हणाले. "ठसा अस्सल आहे. सरकारी शेराही तोच आहे."

न्यायाधीशांनी आपल्यासमोर नवा ठसा घ्यायला सांगितलं.

मी शाईची गादी उघडली. दोन शिपायांनी त्याला धरलं. तो सगळ्या ताकदीनं मनगट मागे ओढत होता.

अंगठा मात्र शाईकडे वळत होता.