उजवी वायर

वेल्सच्या डोंगरातल्या आमच्या ब्लायनाय गावात रविवारी कोणी हातात पाना धरत नाही. दुकानं बंद, बस बंद, दोरीवर कपडेसुद्धा वाळत घालायचे नाहीत. म्हणून शनिवारी रात्री बाराचे ठोके पडले तशी मी हत्यारं पुसून पेटीत ठेवली आणि मोटरसायकल तशीच, अडखळणारी, शेडमध्ये राहिली. रविवारी सकाळी चॅपलला गेलो. प्रवचन असं रंगलं की शेवटी पाळकांचा आवाज बोलता बोलता सुरात चढला. त्या सुरासाठी मी डोंगर ओलांडून पायी गेलेला माणूस आहे. डोळे मिटून ऐकत राहिलो. तिकडे बँगोरच्या इस्पितळात माझी नऊ वर्षांची लुनेद न्यूमोनियाने धापा टाकत होती, आणि मला वाटत होतं, देव आहे ना बघायला.

दीड वाजता पोस्टवाले इद्वाल धावत आले. गल्लीतला फोन त्यांच्याकडेच.

"टेक्विन, तुझ्या बायकोचा फोन होता. आयरवेन म्हणाली, असशील तसा नीघ. पोरगी संध्याकाळ काढेल असं डॉक्टरांना वाटत नाही."

बँगोर तीस मैल, मध्ये खिंड. पाळकांची गाडी पलीकडच्या खोऱ्यात प्रवचनाला गेलेली. उरली ती मोटरसायकल.

शेडच्या छपरावर पाऊस वाजत होता. किक मारली. धक्, फुस्. धक्, फुस्. इंजिन दोन सिलिंडरांचं. डावी वायर काढली, इंजिन मेलं. पुन्हा चालू करून उजवी काढली, काही फरक नाही. म्हणजे उजवं सिलिंडर नुसतं ओझं होतं. त्याचा प्लग काढला, पुसला, इंजिनला टेकवून पाहिला. ठिणगी निळी, जाड. दोन्ही प्लगांची अदलाबदल केली, तरी आजारी तेच सिलिंडर. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट मापली. कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ केला. प्लगच्या भोकावर अंगठा धरला तर दाबाने अंगठा उडाला. ठिणगी होती, पेट्रोल होतं, दाब होता. पेट तेवढा नव्हता.

"रविवारी पाना चालवतोयस," इद्वाल म्हणाले. कंदील त्यांनीच धरला होता. "खिडक्यांचे पडदे हलतायत बघ."

"बैल विहिरीत पडला तर शब्बाथलाही काढावा. येशूच म्हणालाय."

"बैल निदान हंबरतो रे. हा नुसता खोकतोय."

मी हसलो नाही. काल अजून एक तास हात चालवला असता तर? हेच एक डोक्यात होतं.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. खडखड कुठली ते कळतं. दगडखाणीतली यंत्रं मी वीस वर्षं अशीच ऐकतोय. प्लग परत बसवून किक मारली आणि टोक डाव्या सिलिंडरला लावलं.

आत गाणं चाललं होतं.

आधी वाटलं, चॅपल. पण संडे स्कूल सुटून चॅपलला कुलूप लागलं होतं. पुरुषांचे खालचे सूर, बायकांचे मधले, लांबून आल्यासारखे. चाल ओळखीची. शवपेटी घराबाहेर काढताना दारात उभं राहून आम्ही म्हणतो, ती. टोक उजवीकडे नेलं. तिथे काहीच नाही. सगळ्यात वरचा, पोरींचा सूर तेवढा गायब. त्याच्या जागी फुस्.

"काय ऐकतोयस?"

"तुम्हीच ऐका."

इद्वालनी मूठ कानामागे धरली. थोड्या वेळाने त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

आणि एकाएकी इंजिन सुधारलं. दोन्ही सिलिंडरं, शिवणयंत्रासारखी एकसारखी.

"पेटलं! नीघ, नीघ लवकर!"

"देवा, तुझे उपकार," मी म्हणालो. आणि निव्वळ सवयीने स्क्रूड्रायव्हर पुन्हा उजवीकडे लावला.

एकच आवाज. वरचा. तिसऱ्या ओळीत नको तिथे श्वास घेणारा. मी लुनेदला शंभरदा सांगितलं होतं, तिथे श्वास घेऊ नकोस गं.

मी उघड्या हातानेच उजवी वायर उपटली. झटका खांद्यापर्यंत गेला.

शब्द अर्ध्यावर तुटला.

धक्, फुस्.

"अरे वेड्या, बरं चाललं होतं की!" इद्वाल ओरडले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

तसाच निघालो. खिंडीच्या चढावर गाडी ढकलत नेली. पोचलो तेव्हा सात वाजले होते. आयरवेन दारातच उभी होती.

"सव्वातीनला तिचा श्वास थांबला होता रे. नर्सने चादरसुद्धा वर ओढली. आणि मग आपोआप..."

लुनेद झोपली होती. एक श्वास. मग तेवढीच रिकामी जागा. मग एक श्वास.

याला अकरा वर्षं झाली. लुनेद आता इद्वालच्या पोस्टात काम करते. चॅपलमध्ये पुस्तक उघडून बायकांच्या रांगेत उभी राहते. ओठ हलतात. आवाज येत नाही.

मोटरसायकल शेडमध्येच आहे. उजवी वायर मी सुतळीने मागे ओढून बांधली आहे. दर रविवारी चॅपलहून आलो की आधी तिथे जातो. गाठ माझीच असते, न सुटलेली. वायर मात्र प्लगकडे थोडी सरकलेली असते. शब्बाथ असला तरी मी ती सोडून पुन्हा मागे बांधतो.

गेल्या रविवारी एका बोटाचं अंतर राहिलं होतं.