मोराव्हित्सेची शाल

पाऊस आला आणि तो आमच्या विणकामाच्या दुकानात शिरला — गिऱ्हाईक म्हणून नाही, छत्री नव्हती म्हणून. लॅपटॉपची पिशवी छातीशी धरलेली, केसांतून पाणी ठिबकतंय... आणि नजर थेट माझ्या स्क्रीनवर.

"हे डिझाइन यंत्र आपोआप विणतं?"

"आपोआप कसलं! मी बसलेय ना इथे."

तो हसला. एकाच गालावर खळी. "नेवेना, त्याला टॉवेल दे आधी," स्तामेना मावशी आतून म्हणाली आणि मला डोळा मारून गेली. दुकान तिचं, यंत्र सांभाळायचे मी.

त्याचं नाव वुकाशिन. नकाशे काढायचा. पुढच्या शनिवारी त्याची आई आमचं आरिल्ये गाव सोडून ऑस्ट्रियात, ग्राट्सला लेकीकडे निघाली होती, कायमची. तो पोचवायला जाणार होता.

"तिला इथली नदी सोबत द्यायचीय," तो हळूच म्हणाला. "शालीवर... होईल?"

आमची नदी मोराव्हित्सा त्याने कॉम्प्युटरवर व्हेक्टर रेघांनी काढली होती. कितीही मोठी करा, वळणं तशीच गुळगुळीत. पण आमच्या यंत्राला रेघ कळत नाही. त्याला ठिपके लागतात. एक ठिपका म्हणजे एक टाका. मी ठिपके जसेच्या तसे ठेवणारी बीएमपी फाईल मागितली. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या जेपीजी घेऊन हजर!

"ही दाबून लहान केलेली आहे. कडेला बघा, केवढा चिखल! माझ्याकडे लोकरीचे रंग तीन, तुमच्या फाईलीत शंभर."

"नदीत थोडा चिखल असतोच की."

"नदीत असू दे. शालीत नको."

मग शेजारी बसूनच केलं. कडा मऊ करायची सोय बंद केली, शालीच्या टाक्यांएवढं माप घातलं आणि न दाबता बीएमपी काढली. रंग नेमके तीन आले — पण अर्धी नदी गायब! बारीक रेघ ठिपक्यांच्या मधल्या मधे हरवली होती. उरलेलीला पायऱ्या पडल्या होत्या.

त्याचा चेहरा पडला. "माझी नदी जिना उतरतेय."

"खुर्ची मागे घ्या. अजून... आता बघा."

"अरे — वाहतेय की!"

हरवलेले ठिपके मात्र हातानेच भरावे लागले. रोज संध्याकाळी तो यायचा, कधी रास्पबेरीची टोपली घेऊन. इथे आई गालिचे धुवायची... इथे मी बुडता बुडता वाचलो... तो सांगायचा, मी एकेक ठिपका टाकायचे. कधी त्याचं बोट माझ्या बोटाशी येऊन थांबायचं, आणि मग आम्ही दोघंही स्क्रीनकडे जरा जास्तच लक्ष देऊन बघायचो.

"इथे नदी अजून आत वळते," मी एकदा म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी पलीकडच्या काठावरची. तुम्ही बुडत होतात तेव्हा आम्ही पोरी हसत होतो."

"त्यांत तू होतीस?"

'तू'... चुकून आला तो शब्द. पण आला तो राहिलाच.

शुक्रवारी शाल यंत्रावरून उतरली. न्यायला त्याची आई स्वतः आली. शाल खांद्यावर घेतली, गालिचे धुवायच्या वळणावर तिचं बोट गेलं आणि तिथेच थांबलं. मग मला जवळ ओढून तीनदा गालांचे मुके घेतले.

"हिवाळाभर ग्राट्सलाच काम बघतो म्हणत होता हा. काल विचारतोय, परतीची बस कधी असते! म्हटलं, असं काय आहे आरिल्येत, बघून तरी यावं."

"आई!" वुकाशिन कानापर्यंत लाल.

मावशीने तिला कॉफीला आत नेलं आणि दार लोटून घेतलं.

यंत्र बंद होतं. दुकानातली एवढी शांतता मला सवयीची नव्हती.

"आईला तिथे करमेपर्यंत... थोडे दिवस तरी..." तो अडखळला.

"मग राहा की थोडे दिवस." मी त्याच्याकडे वळले. "जाऊ नकोस असं नाही म्हणणार मी. पण परत ये."

"कुठे? दुकानात?"

"माझ्याकडे, वेड्या!"

त्याने माझा हात हातात घेतला. "मी आज विचारणारच होतो, नेवेना. तू आधीच उत्तर देऊन टाकलंस."

"मग आता विचार."

"अगं, कॉफी गार होतेय!" आतून मावशीची हाक आली.

आम्हा दोघांनाही ती ऐकू आली. जागचं मात्र कुणीच हललं नाही.