हा मात्र इथेच राहिला

तिला कात्री हे टोपणनाव तिच्या मावसभावानेच दिलं होतं. तो ड्रोन उडवायचा आणि वरून केलेलं चित्रण तिच्याकडे आणून टाकायचा. ती ते कापून, जोडून, त्यावर निवेदन बोलून त्याची गोष्ट करायची. त्याला सगळे घार म्हणत. पूल, धरणं, शाळांचे सुवर्णमहोत्सव, काय वाटेल ते दोघं करत. घारने दोन तासांचं आणलं की कात्री त्यातली सहा-सात मिनिटं ठेवी आणि बाकीचं पुसून टाकी.

"ताई, तुझ्या मांडीवर माझं बाळ द्यायची भीती वाटते," तो म्हणायचा. "कान मोठे वाटले तर छाटशील."

ती हसायची, आणि पुसायची.

काचेच्या कारखान्याचं काम निवृत्त कामगारांच्या संघटनेने दिलं होतं. कारखाना बारा वर्षं बंद होता, त्या आठवड्यात पाडायला घेणार होते. पाडण्याआधी म्हाताऱ्यांना तो एकदा डोळे भरून बघायचा होता. मंगळवारी सकाळी घार जाऊन आला. भट्टीचं गंजलेलं छप्पर, फुटक्या काचेचे हिरवे ढीग, मधोमध मोठं अंगण, अंगणाला चारी बाजूंनी दोन पुरुष उंच भिंत आणि भिंतीत एकच लोखंडी फाटक. अंगणात खाकी कपड्यांतला पहारेकरी उभा होता. एकतीस वर्षं त्याने या फाटकाची किल्ली सांभाळली होती आणि हा त्याचा शेवटचा दिवस होता.

सगळ्यात शेवटच्या शॉटमध्ये तो फाटकाबाहेर पडला, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि सायकलवर बसून निघून गेला. वाऱ्याने ड्रोन हेलकावत होता, चित्र थरथरत होतं. कात्रीने तो शॉट काढून टाकला. ठेवलेले शॉट बाजूला केले आणि ड्रोनची मूळ मेमरी कार्डं नेहमीप्रमाणे पुसली. दुसऱ्या दिवशी कार्डं दुसऱ्या कामाला लागणार होती.

हलत होता म्हणून काढला, असं तिने घारला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. पहारेकऱ्याचं घरी जाणं तिच्या गोष्टीत बसत नव्हतं. शेवटी रिकामं अंगण, त्यात उभा एकटा माणूस, आणि हळूहळू वर जाणारा ड्रोन, हे जास्त भिडणारं होतं. तिने माइक ओढला आणि त्यावर शेवटची ओळ बोलली: 'सगळे गेले. हा मात्र इथेच राहिला.'

ओळ छान उतरली. ती स्वतःवर खूश होऊन घरी गेली.

शुक्रवारी पहारेकऱ्याच्या मुलीचा फोन आला. ती इस्पितळात परिचारिका होती, बापलेक दोघंच राहत. वडील मंगळवारपासून घरी आले नव्हते. किल्ली द्यायला ते शहरातल्या कार्यालयात गेले, तिथे चहा घेतला, साडेतीनला निघाले. सायकल पुलाच्या कठड्याला टेकवलेली सापडली होती. पुलाजवळच्या पंक्चरवाल्याने त्यांना पाहिलं होतं. ते चालत्या सायकलवरून उतरले, कुणीतरी मागून हाक मारल्यासारखे वळले आणि कारखान्याच्या दिशेने चालू लागले. त्याने पुन्हा मान वर केली तेव्हा पुलावर कुणी नव्हतं.

"किती वाजता?" कात्रीने उगाचच विचारलं.

"चार वाजून गेले होते, म्हणाला. पाच-दहा मिनिटं."

पोलिसांनी कुलूप काढून कारखान्याचा कोपरा न् कोपरा धुंडाळला होता. आत कुणी नव्हतं. आता त्यांना मंगळवारचं चित्रण हवं होतं. कात्रीने ते पाठवायच्या आधी एकदा नजरेखालून घालायला घेतलं. निवेदनाच्या फाइलवर वेळ होती: मंगळवार, चार वाजून सात मिनिटं. तिने ती वाचली आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. संगणकाच्या पडद्यावर ऊन येत होतं म्हणून.

तिने ठेवलेला शेवटचा शॉट सुरू झाला. पहारेकरी अंगणाच्या मधोमध नव्हता. तो डाव्या भिंतीशी उभा होता.

आपल्या लक्षात चुकीचं राहिलं, असं तिला वाटलं. तिने तो शॉट पुन्हा लावला. आता तो भट्टीच्या कोपऱ्यात होता.

कात्री घाबरट नव्हती. यंत्रांबरोबर वीस वर्षं काढलेल्या बाईचा यंत्रावर विश्वास नसतो, पण यंत्राच्या बिघाडांवर असतो. तिने दुसऱ्या संगणकावर लावून पाहिलं. मग अंगणाचा नकाशा कागदावर काढला आणि दर वेळी तो जिथे दिसेल तिथे पेन्सिलने फुली मारत गेली. दुपारपर्यंत एकवीस फुल्या झाल्या. त्या सगळ्या भिंतीच्या कडेकडेने होत्या. तो भिंतीवर हात टेकवून अंगणाला फेऱ्या घालत होता.

बाविसाव्या वेळी तो फाटकाशी पोचला. त्याचा हात विटांवरून लोखंडी गजांवर आला, गजांवरून तसाच सरकत पुन्हा विटांवर गेला. त्याची चाल जराही मंदावली नाही. फाटक त्याच्यासाठी भिंतच होतं.

तिने घारला बोलावून घेतलं. त्याने तीनदा पाहिलं आणि मग तोंडावर हात ठेवून खाली बसला.

"ताई, हा बाहेर पडला होता. मी तिथे उभा होतो. जाताना मला हात करून गेला."

"माहितेय."

"तो शॉट लाव ना मग."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला समजलं. त्या दिवशी त्याला कान छाटायचा विनोद सुचला नाही.

पुसलेलं परत मिळवून देणारा एक माणूस त्यांच्या माहितीत होता. त्याने दोन दिवस कार्डांशी झटून हात टेकले. घार नवा शॉट घ्यायला गेला, तर भिंत आणि फाटक आडवं करून यंत्रं पुढे सरकली होती. वरून नुसतं सपाट, तांबडं मैदान दिसत होतं. कात्रीने ते मैदान शेवटी जोडून पाहिलं. त्यात कुणी नव्हतं, आणि त्याच्या आधीच्या शॉटमध्ये माणूस भिंत चाचपतच होता.

सोमवारी सकाळी मुलगी स्वतः आली. दाखवू नये, असं घारचं मत होतं. कात्रीने दाखवलं. मुलगी पडद्याच्या इतकी जवळ बसली की तिच्या श्वासाने काच धुरकटली.

मग म्हणाली, "डावा पाय ओढतायत. गुडघा दुखायला लागला की असं चालतात. गोळ्या घरीच राहिल्यात."

"हे मंगळवारचं चित्रण आहे," घार कसाबसा म्हणाला.

"मंगळवारी सकाळी मी त्यांची दाढी करून दिली होती." तिने पडद्यावर बोट ठेवलं. पहारेकऱ्याने नेमकं तेव्हाच दमून डोकं मागे टाकलं होतं. गालांवर पांढरे खुंट स्पष्ट दिसत होते. "ही दाढी आठवड्याची आहे. मॅडम, तुम्ही काय केलंत?"

कात्रीने सगळं सांगितलं. वाऱ्याचं कारण तिने दिलं नाही.

मुलगी रडली नाही, ओरडलीही नाही. इस्पितळात नातेवाइकांशी बोलताना वापरत असेल त्या आवाजात ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात म्हणून ते राहिलेत. मग आता निघाले म्हणा."

त्यात काही तर्क नव्हता, पण दुसरं काही उरलंही नव्हतं. कात्रीने आधी जुनी ओळ पुसली. त्याने काही फरक पडला नाही. पहारेकरी फक्त भिंतीशी बसला आणि त्याने गुडघ्यावर डोकं टेकवलं. तेव्हा तिने कागद घेतला. खूप खाडाखोड केली. लिहिता येणाऱ्या बाईला चार साधी वाक्यं सुचेनात.

"तुम्ही घरी जा," ती मुलीला म्हणाली. "घरी कुणीतरी असू दे. घार तुम्हाला सोडेल."

तासाभराने घारचा फोन आला, पोचलो म्हणून. खोलीत कात्री एकटी होती. तिने शॉट लावला आणि माइक ओढला.

"मग तो उठला," ती म्हणाली.

पडद्यावरचा माणूस उठला.

"फाटकापाशी गेला."

तो गेला. भिंतीला धरून, पाय ओढत.

"त्याने फाटक उघडलं."

गजांवर हात थांबला. किती तरी वेळ तो नुसता थांबून राहिला. मग त्याने ढकललं.

"आणि तो चालत घरी आला."

अंगण रिकामं झालं. ड्रोन हळूहळू वर गेला आणि शॉट संपला. तिने पुन्हा लावला. अंगण रिकामंच होतं. तिने फोन समोर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली.

पावणेबाराला तो वाजला.

"आले," मुलगी म्हणाली. तिच्या मागे घारचा आवाज येत होता, काहीतरी देवाचं पुटपुटत होता. "ताई, आलेत. पण दारात उभे आहेत. आत येत नाहीत. हाक मारली तरी बघत नाहीत."

कात्रीने समोरच्या कागदाकडे पाहिलं. शेवटच्या वाक्याखाली कागद कोरा होता.

"ताई," मुलीने हळू विचारलं, "पुढे काय लिहिलंय?"

कात्रीने माइक चालू केला. आवाज नेहमीसारखाच लागला.

"तो आत आला."

फोनमधून पाय घासत आल्याचा आवाज आला.

"खुर्चीत बसला."

खुर्ची करकरली. मुलगी हुंदका देत हसली. "बाबा," ती म्हणत होती, "अहो बाबा."

"मुलीने त्याला पाणी आणून दिलं. तो पाणी पिऊ लागला."

घोट घेतल्याचा आवाज आला, पाठोपाठ दुसरा. कात्रीने माइक बंद केला. "आता त्यांना पडू द्या," ती मुलीला म्हणाली. "संध्याकाळी येते." तिने फोन ठेवला, पडदा सरकवला, शुक्रवारनंतर पहिल्यांदा खिडकी उघडली. खाली रस्ता होता, रस्त्यावर माणसं आपापल्या वाटेने चालली होती. तिने तोंड धुतलं आणि खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले.

वीस मिनिटांनी फोन पुन्हा वाजला.

"ताई," मुलगी म्हणाली, "ते अजून पितायत."

कात्री सरळ बसली.

"ग्लास केव्हाच रिकामा झालाय."