सत्ताविसावा झरा

“हवालदार, आमचा झरा चोरीला गेलाय!”

अकलोलीच्या देवळात सप्ताहाचं कीर्तन रंगात आलं होतं. सावळारामांनी हातातले टाळ खाली ठेवले, फोन कानाला घट्ट धरला. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी म्हशी शोधल्या, टेम्पो शोधले, यंत्रमागाची मोटार शोधली. झरा हा पहिलाच.

फोनवर होते डॉ. मनोज, भूगोलाचे प्राध्यापक. उपग्रहाच्या मदतीनं नकाशे करायची जी नवी विद्या आहे, जीआयएस, तिच्यातले मोठे जाणकार. गणेशपुरीच्या आसपासचे गरम पाण्याचे सत्तावीस झरे त्यांनी नकाशावर आणले म्हणून आज त्यांचा सत्कार होता. सत्कार करणारी समिती झरा बघायला आली, तर सत्ताविसाव्याच्या जागी पाण्याचा थेंब नाही.

सावळाराम माळावर पोचले तेव्हा समितीची चार माणसं डोक्यावर रुमाल धरून उभी होती. शाल-नारळ गाडीतच होते.

“कुणावर संशय, सर?”

“पूर्वा. माझी पीएचडीची विद्यार्थिनी. झेपलं नाही, काढून टाकली. तेव्हापासून डूख धरून आहे. याच पाड्यावरची. एक डंपर माती टाकली की झालं!”

“झरा तुम्ही स्वतः पाहिला होता?”

“म्हणजे काय! गेल्या चैत्रात. हात घातला तर चटका बसला. सत्तेचाळीस अंश. नकाशातला एकेक झरा मी पायी जाऊन मोजलाय.”

समितीच्या अध्यक्षबाईंनी हे टिपून घेतलं. सावळारामांनीही, मनात.

मग ते उकिडवे बसले. डंपरच्या चाकाची खूण नव्हती. दगडांवर गरम पाण्याच्या क्षारांचा थर नव्हता. बरोब्बर नकाशातल्या जागेवर होतं गुडघाभर उंच वारूळ, हळदीकुंकवानं माखलेलं. सावळारामांनी आधी हात जोडले आणि मग निरखून पाहिलं. कुंकवाचे थर एकावर एक वाळले होते.

शेळ्या हाकत पाड्यावरची म्हातारी राहीबाई आली.

“आजी, इथला झरा कुठं गेला?”

“कंचा झरा? हितं जिव्याचं खोपट हुतं. जिव्या गेला, खोपट बसलं, वारूळ उठलं. तीन नागपंचम्या झाल्या, मीच लाह्या वाहते न्हाय का!”

“जिव्या कोण?”

“पूर्वाचा बा.”

पूर्वा दापोड्याच्या गोदामात शिफ्टवर होती. निरोप गेला तशी रिक्षा करून आली. गळ्यात गोदामाचं ओळखपत्र, खांद्याला पिशवी.

“झरा तू बुजवलास?”

“नाही.”

“सरांवर राग आहे?”

“आहे. कुठंही विचारा, आहेच.”

“ऐकलंत? कबूल झाली!” मनोज सर ओरडले. “हिला आत टाका!”

सावळाराम पूर्वाकडेच वळले. “पोरी, पीएचडीसाठी तूही झरे मोजले असशील. वही ठेवलीस?”

तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली. दर पानावर एक झरा, तारीख, तापमान आणि खाली निळा अंगठा.

“हा अंगठा?”

“बाबांचा. दोन उन्हाळे ते पुढं चालले, मी मागं. त्यांनी झरा दाखवायचा, मी मोजायचा. साक्षीला अंगठा त्यांचा.”

“किती पानं?”

“सव्वीस.”

सावळाराम उठले. समितीकडे वळून म्हणाले, “माउली, आमचे बुवा कीर्तनाच्या पूर्वरंगात गाठ मारतात आणि उत्तररंगात सोडतात. तशी मी सोडतो. तीन वर्षं जिथं वारूळ पुजलं जातंय, तिथं गेल्या चैत्रात सरांना चटका बसला म्हणे! वारूळ गरम पाण्यात उभं राहत नाही. म्हणजे झरा चोरीला गेला नाही, तो नव्हताच. सर इथं एकदा जरी आले असते तर त्यांनीच तो नकाशातून खोडला असता. सव्वीस झरे या पोरीचे. आणि सत्ताविसावा...” त्यांनी पूर्वाकडे पाहिलं. “तोही तुझाच ना?”

पूर्वानं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते.

“‘तुझ्या प्रबंधात दम नाही, नकाशाची फाइल तेवढी देऊन जा,’ सर म्हणाले. माझ्या आधीच्या विद्यार्थिनीचंही काम असंच लाटलं होतं, ते मला कळलेलं. पाच वर्षं गेली होती, बाबा गेले होते. फाइल दिली, पण देताना एक टिंब वाढवलं. आमच्या चुलीच्या जागेवर. नाव दिलं, जिव्याचा झरा. आभारातसुद्धा सरांनी बाबांचं नाव घातलं नसतं. म्हणून नकाशात सरांच्याच हातानं घालून घेतलं. आणि त्या दिवसापासून वाट बघत बसले.”

“फसवणूक आहे ही! झरा खोटा आहे!”

“खोटा कसा, सर? तुम्ही हात घालून मोजलात ना?” सावळारामांनी विचारलं.

“दाव की रं मास्तर,” राहीबाई पुढं वाकली, “किती भाजलाय हात!”

अध्यक्षबाईंनी वहीसाठी हात पुढं केला. पूर्वानं वही छातीशी धरली.

“आता कुणाच्या हातात देणार नाही. पायी चला माझ्यासोबत. पानं मी उलटीन.”

बाईंनी पदर खोचला आणि तिच्यामागून चालू लागल्या. बाकीचे तिघंही निघाले.

मनोज सर गाडीकडे वळले, तसे सावळाराम आडवे आले.

“तुम्ही कुठं निघालात, सर? चोरीची फिर्याद तुमचीच आहे. चोर सापडलाय. चला ठाण्यात.”