परतीचा फोन

तारापूरच्या त्या रंगाच्या कारखान्यातलं टेलिफोन एक्स्चेंज खंडेराव आणि दिनानाथ या जोडीनं बसवलं होतं. आता यंत्र म्हातारं झालं होतं, खंडेरावांचे गुडघे कुरकुरत होते आणि दिनानाथला जाऊन दोन वर्षं झाली होती. देखभालीचं कंत्राट तेवढं उरलं होतं. खंडेरावांच्या वाणगावच्या घरातली चूल त्यावरच पेटायची.

"काका, बाहेरून फोन लावून कुणीही यात शिरेल," सुरक्षा तपासायला आलेल्या उत्कर्षाबाई म्हणाल्या. "आजच बंदोबस्त करा. नाहीतर कंत्राटावर माझी सही मिळणार नाही."

"कुणीही नाय शिरत हो," खंडेराव थकून म्हणाले. "बाहेरचा फोन आला की मोडेम तो कापतो आणि नोंदलेल्या नंबरालाच परत फोन लावतो. तिथं जो असेल तोच आत येणार."

"आणि नोंदलेला नंबर कुणाचा?"

नंबर दिनानाथच्या केळव्याच्या घरचा होता. रोज चारच्या चहाला तो घरूनच एक्स्चेंजचं घड्याळ जुळवायचा. पाळीचा भोंगा त्याच घड्याळावर वाजे. चुकीचं घड्याळ त्याला बघवतच नसे. गाडी चुकू नये म्हणून खंडेरावांची बायको रंभाबाई घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवत, त्यावरून तो वहिनींना भारी छळायचा. तो गेल्यावर नंबर खोडायला खंडेरावांचा हात धजला नव्हता.

त्यांनी नोंदी उघडल्या. काल चार वाजता केळव्याला फोन, जोडला, वेळ दुरुस्त. परवाही तेच. दोन वर्षांत एका दिवसाचा खाडा नव्हता.

दिनानाथच्या घरच्यांनी तो फोन तेव्हाच बंद केला होता. नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला असेल, अशी खंडेरावांनी मनाची समजूत घातली. त्यांनी तो खोडला, त्याच्या जागी आपल्या घरचा टाकला, पासवर्ड बदलला आणि तो कागदावरही उतरवला नाही. बाईंनी सही केली. वर्षभर आता हाच नंबर, बदलायचा नाही, अशी त्यांची अट होती. सुटलो एकदाचा, असं खंडेरावांना वाटलं.

चार वाजता मोडेम वाजला.

त्यानं फोन कापला आणि वाणगावला लावला.

जोडला. पासवर्ड बरोबर. वेळ दुरुस्त.

खंडेरावांनी मोबाइलवर बायकोला गाठलं. "रंभा, घरचा फोन कोणी उचलला?"

"कोण उचलणार? मी डहाणूला ताईकडे हाय. घराला कुलूप हाय. का वो?"

"काय नाय. वाणगाव स्टेशनावर थांब, बरोबरच घरी जाऊ."

अंधार पडता पडता दोघं घरी पोचली. कुलूप जसंच्या तसं होतं. फोनचा रिसीव्हर जागेवर होता. खंडेरावांना भयंकर दमल्यासारखं झालं आणि ते दारातच खुर्ची ओढून बसले.

रंभाबाईंनी दिवा लावला, हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "घड्याळ दहा मिनिटं मागे कोणी केलं?"