न पाहता ओळखलेला फोटो

एक फोटो आहे. तो कुणाच्याही नजरेला पडता कामा नये. पण अडवायचा तर अडवणाऱ्याला तो ओळखता यायला हवा, आणि ओळखायचा तर आधी पाहावा लागणार. मग तो अडवायचा तरी कसा?

साक्रीच्या माळावरच्या सौर वसाहतीत राहणारा तेरा वर्षांचा निनाद या कोड्यापुढे पार हरला होता. डोळ्यांवरचा फोनचष्मा जरा किणकिणला तरी तो दचकायचा.

त्याचे नाना, म्हणजे आईचे वडील डॉ. बेडसे, हे सगळं पाहत होते. उपग्रहांनी टिपलेल्या हजारो चित्रांतून वणवे शोधून काढण्यात त्यांची हयात गेली होती. एका दुपारी ते निनादच्या शेजारी येऊन बसले.

"तुला कुणी घाबरवतंय का रे?" त्यांनी विचारलं.

निनादनं फोनचष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "सांगतो. पण तो फोटो बघायचा नाही."

"नाही बघणार."

'उल्कावन' नावाच्या खेळात त्याला वेदांत भेटला होता. चौदा वर्षांचा, लातूरचा. निदान तो तसं सांगायचा. निनाद हरायला लागला की मदत करायचा, त्याचं तोंडभरून कौतुक करायचा. आई ओरडली की म्हणायचा, "तुझ्या घरच्यांना तू कळतच नाहीस." पुढे दोघं खेळातल्याच, इतर कुणी नसलेल्या खोलीत बोलू लागले. "हे आपल्या दोघांतच," असं वेदांत प्रत्येक वेळी बजावायचा. एकदा त्यानं तसला एक फोटो मागितला. निनादला नको वाटत होतं. पण मैत्री तुटेल या भीतीनं त्यानं तो पाठवला. त्याच क्षणी वेदांतचा आवाज बदलला. तो मुलगा नव्हताच. पडद्यावर होता तो मायाचेहरा (यंत्रानं बनवलेला खोटा, बोलता चेहरा). मागून मोठ्या माणसाचा शांत आवाज आला, "सोमवारपर्यंत आणखी पाठव. नाहीतर हा तुझ्या शाळेच्या गटावर टाकीन."

नाना रागावले नाहीत. "आता त्याला काहीही पाठवायचं नाही. एकदा दिलं की तो पुन्हा मागतो. त्याचे निरोप पुसूही नकोस, ते पुरावा आहेत. आणि फोटो अडवायला तो कुणी बघायची गरज नसते. ये, दाखवतो."

त्यांनी अंगणातल्या बकरीचं चित्र पडद्यावर घेतलं आणि मोठं मोठं करत नेलं. बकरी विरघळली, उरले नुसते चौकोनी ठिपके.

"हे चित्रकण (चित्र ज्यांचं बनतं ते बारीक ठिपके). आता या चित्राचे थोडे मोठे चौकोन पाडू. प्रत्येक चौकोन शेजारच्यापेक्षा उजळ असेल तर एक लिहायचा, नसेल तर शून्य."

पडद्यावर एक आणि शून्यांची रांग उमटली.

"हा या चित्राचा अंकठसा (उजेड-अंधारावरून काढलेली ओळखखूण). यावरून बकरी परत काढून दाखव बरं."

निनाद त्या आकड्यांकडे पाहत राहिला. "नाही येणार. पिठातून ज्वारीचे दाणे कसे काढणार?"

"तसंच. ठसा तुझ्याच यंत्रावर निघतो. फोटो तिथंच राहतो, बाहेर जातात फक्त हे आकडे. मोठ्या संकेतस्थळांचे पहारेकरी, म्हणजे चित्रं तपासणाऱ्या आज्ञावली, येणाऱ्या प्रत्येक चित्राचा ठसा काढून या आकड्यांशी ताडून पाहतात. जुळला की चित्र दारातच अडतं."

"पण त्यानं फोटो थोडा बदलला तर?"

"रंग फिका केला, आकार लहान केला, तर ठशातले दोन-चार आकडे बदलतात. बाकीचे जुळतात. फारच मोडतोड केली तर मात्र चुकू शकतं. शिवाय काही ठिकाणी पहारेकरीच नसतो. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही."

संध्याकाळी आई सौरपट्ट्या पुसणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती आटोपून आली. निनादनं तिलाही सगळं सांगितलं. "मला आधी का नाही..." एवढंच बोलून ती थांबली. मग म्हणाली, "नाही विचारत. तू सांगितलंस, पुष्कळ झालं." तिनं तिथूनच मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक लावला, आणि मग पोलिसांचा. त्यांनी सांगितल्याप्रमाणे निनादनं आपल्याच यंत्रावर फोटोचा अंकठसा काढला आणि फक्त ते आकडे पहारेकऱ्यांकडे पाठवले.

सोमवारी त्या माणसानं खरोखरच फोटो टाकला. शाळेच्या गटाच्या पहारेकऱ्यानं तो दारातच अडवला, इतर मोठ्या ठिकाणीही तो अडला. पण पहारेकरी नसलेल्या एका लहानशा संकेतस्थळावर तो काही तास राहिला, आणि वर्गातल्या दोघांनी तो पाहिला. निनाद कितीतरी दिवस शाळेत गेला नाही. आई रोज त्याच्यासोबत माळावर चालायची. बोलायचं की नाही, ते ती त्याच्यावर सोडायची.

अडलेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद राहिली होती. त्या मागावरून पोलीस दूरच्या एका शहरात पोहोचले आणि तो माणूस सापडला. त्याच्याकडे कितीतरी मुलांचे फोटो होते. त्यातली परभणीची एक मुलगी कुणाला काही न सांगता घरातून निघून गेली होती. तिचा शोध अजून चालू आहे.

"तिच्या फोटोचं काय?" निनादनं विचारलं.

"पोलिसांनी त्याचाही ठसा काढलाय," नाना म्हणाले. "ती येईल तेव्हा निदान तो पसरायची भीती तरी कमी झालेली असेल."

"पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं ना?"



पुढच्या महिन्यात निनादनं विज्ञानाच्या तासाला फळ्यावर चौकोन आखले आणि अंकठसा कसा निघतो ते वर्गाला समजावलं. स्वतःबद्दल तो काही बोलला नाही. त्याचा फोटो पाहिलेले ते दोघं खाली मान घालून बसले होते. तास संपला, वर्ग रिकामा झाला. मागच्या बाकावरची ईरा तेवढी उठली नाही. फोनचष्मा तिनं मुठीत घट्ट धरला होता.

निनाद तिच्यापासून थोडं अंतर ठेवून बसला.

"मला काही दाखवू नकोस," तो म्हणाला. "माझी आई पाचला घरी येते, तिला सांगू. तोवर मी थांबतो तुझ्यासोबत."

ईरानं मान डोलावली आणि त्याच्या घरी जायला दप्तर उचललं.